गर्दीतला इन्स्पेक्टर

बास्सूचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि माझं शिवणाचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही मातीची. त्याच्या हातून पाना खाली पडला की मला इकडे कळतं, आणि भिंतीतल्या भगदाडातून त्याचं अर्धं दुकान दिसतंही. म्हणून त्याच्याबद्दल मी लिहावं, असं त्याच्या मुलीने सुचवलं. मी आधी नको म्हणालो. मग बरेच दिवस ते डोक्यात राहिलं आणि शेवटी लिहायला बसलो. जे माझ्यासमोर घडलं तेवढंच लिहितो आहे. बाकीचं ज्याला माहीत असेल त्याने सांगावं.

वाळवंटाच्या कडेच्या आमच्या वारझाझात गावामध्ये सिनेमात काम न केलेला माणूस शोधावा लागेल. परदेशातून लोक येतात, गावाबाहेरच्या माळावर कधी रोम उभं करतात, कधी जेरुसलेम, आणि मग त्यांना माणसं लागतात. पुष्कळ लागतात आणि स्वस्तात लागतात. सकाळी चौकात जाऊन उभं राहायचं. निवडणारा येतो, दाढीवाले एकीकडे काढतो, बारीक लोक दुसरीकडे, आणि दुपारपर्यंत दाढीवाल्यांचे पुजारी होतात अन् बारकांचे गुलाम. मीही गुलाम होतो, एकदा महारोगीही होतो. पुढे ऊन सोसेना म्हणून मी त्यांचे कपडे शिवायला लागलो आणि सावलीत आलो.

बास्सू मात्र उन्हातच राहिला. तो सैनिक झाला, उंटवाला झाला, यात्रेकरू झाला, पण त्याची खरी ओळख म्हणजे तो मरायचा. मरण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. गोळीचा आवाज झाला की इतर लोक आधी जागा बघायचे, मग पडायचे. बास्सू आवाजाबरोबर खाली. पडल्यावर श्वास पोटातून घ्यायचा, छाती हलू द्यायची नाही. नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. एकदा एक घोडा त्याच्या हातावर पाय देऊन गेला तरी तो मेलेलाच राहिला. संध्याकाळी हाताला पट्टी बांधून दुकानात आला तेव्हा मी म्हणालो, "अरे, ओरडायचं तरी!" तर म्हणाला, "मेलेला माणूस ओरडतो का मिमून?"

या धंद्याचा नियम एकच. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. बास्सूने तो पहिल्याच वर्षी मोडला होता. शेकडो माणसांच्या गर्दीत हा पोरगा उभा, आणि कुतूहलाने त्याने एकदाच, पापणी लवेल एवढा वेळ, त्या काचेत पाहिलं. सगळं काम थांबलं. कुठून तरी एक लालबुंद गोरा माणूस धावत आला, गर्दीत शिरला, नेमका बास्सूचा कान धरला आणि सगळ्यांच्या देखत त्याला कुंपणाबाहेर नेऊन सोडलं. गावातली निम्मी माणसं तिथे होती. लोक बरेच महिने त्याला बघून कान धरायचे.

त्यानंतर त्याने काचेकडे म्हणून पाहिलं नाही. पुढे पुढे त्याला बघावंही लागेना. कॅमेरा कुठे ठेवला आहे ते त्याच्या मानेला आपोआप कळायचं आणि तोंड दुसरीकडे वळायचं. सवय अशी हाडात गेली की ओळखपत्राच्या फोटोसाठी गेला तेव्हा कचेरीतला माणूस वैतागून म्हणाला, "काका, भिंतीवर काय लिहिलंय का?" मुलीच्या लग्नाच्या फोटोत नवरा, नवरी, नवऱ्याची आई सगळे समोर बघतायत आणि नवरीचा बाप बदामाच्या मिठाईकडे तोंड करून उभा. दुकानातही तो माणसांशी बोलायचा तो चाकाकडे बघत. गिऱ्हाईकांना वाटायचं, कामात आहे.

त्याची बायको इत्तो. जिभेची तिखट, पण तिच्याकडचा चहा प्यायला मी कुठूनही येईन. टीव्हीवर आमच्याकडे काढलेला एखादा सिनेमा लागला की बास्सू तिला बोलावून बसवायचा.

"तो बघ, तो मी. त्या पांढऱ्या घोड्याच्या मागे."

इत्तो डोळे बारीक करून बघायची. "घोडा छान आहे."

"अगं, घोड्याच्या मागे!"

"मागे कुणाची तरी पाठ आहे. तुझी असेल. पाठी सगळ्यांच्या सारख्याच."

तो हसायचा. पण एकदा चहा पिताना, माझ्याकडे नाही, किटलीकडे बघत, तो म्हणाला, "मिमून, इतकी वर्षं गेली. एकदा तरी माझं तोंड हिला पडद्यावर दिसायला हवं होतं. आता वय झालं. आता कोण बोलावतंय." मी किटली उचलून त्याचा पेला पुन्हा भरला.

नौफल आला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. कासाब्लांकाचा मुलगा, अंगाने काटकुळा, सतत मफलर. त्याला भुताखेताचा, पोलीस तपासाचा सिनेमा काढायचा होता. एक कॅमेरा, एक उसनी गाडी, आणि कामं वाटून घेणारी मोजकी माणसं एवढाच त्याचा पसारा. हिशेब, जेवण, कपडे, भांडणं, सगळं बघायला शैमा नावाची एक मुलगी होती आणि माझ्या मते तो सिनेमा तीच चालवत होती. गोष्ट अशी होती: एका गावात गिरणीवाला विहिरीत बुडून मरतो. शहरातून एक इन्स्पेक्टर तपासाला येतो. गावात साक्षीदार कोणी नाही. साक्षीदार आहे तो विहिरीतच, आणि तो माणूस नाही. इन्स्पेक्टरचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण विहिरीजवळून गेलं की त्याला मेलेल्या गिरणीवाल्याचा आवाज ऐकू येतो.

इन्स्पेक्टरचं काम करणारा नट आयत्या वेळी एका मालिकेत निघून गेला होता. त्या चिंतेत नौफल आणि शैमा एक स्कूटर ढकलत बास्सूच्या दुकानात आले. स्कूटरही उसनीच. बास्सू नेहमीप्रमाणे काही न बोलता तिच्याभोवती एक फेरी मारून आला. मग खाली बसून चाकाला म्हणाला, "नदीत घातली होती?"

"नाही हो," नौफल म्हणाला. "आपोआप बंद पडली."

"आपोआप." बास्सूने चाकाच्या आतून बोटाने ओला गाळ काढला आणि फडक्याला पुसला. "मागे कोण बसलं होतं?"

"कुणी नाही."

"बाई होती. उतरून चालत आली. तिच्या बुटाला हाच गाळ आहे."

शैमा स्वतःच्या बुटांकडे बघून हसायला लागली. "सांग आता, नौफल! मी म्हटलं होतं ना, पुलावरून जा."

नौफल हसला नाही. तो बास्सूकडे बघत राहिला, आणि बास्सू अर्थातच चाकाकडे. नौफलने विचारलं, "काका, सिनेमात कधी काम केलंय?" या प्रश्नावर मी भिंतीपलीकडे शिवणयंत्र थांबवलं. बास्सू म्हणाला, "मेलोय पुष्कळदा."

अशा रीतीने बास्सू इन्स्पेक्टर झाला. त्या दिवशी त्याने दुकान लवकर बंद केलं आणि घरी जाताना रस्त्यात भेटेल त्याला सलाम घातला. एरवी तो भिंतीच्या कडेने जातो.

इत्तोने मात्र ऐकलं आणि थेट माझ्याकडे आली. इन्स्पेक्टरचा कोट माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. जुन्या कपड्यांच्या बाजारातला, करड्या रंगाचा, लांब. गणवेश घ्यायला पैसे नव्हते म्हणून साध्या कपड्यातला पोलीस.

"मिमून, गोष्ट विहिरीची आहे म्हणे."

"हो."

"आणि विहिरीत कोण आहे म्हणे?"

"ते," मी म्हणालो. त्या अदृश्य लोकांचं आम्ही नाव घेत नाही.

"त्या शहरी पोराला काय, तो उद्या जाईल. विहीर इथेच राहणार आहे, आम्हीही इथेच." तिने अंगावरच्या कापडाआडून एक पुडी काढली. जाडं मीठ होतं. मीठ जवळ असलं की ते लोक फिरकत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "कोटाच्या खालच्या दुमडीत शिवून टाक. सगळीकडून. आणि त्याला सांगू नकोस, म्हणेल मी घाबरते."

मी शिवलं. कोट चांगलाच जड झाला. तो घालून बास्सू चालला की कोट मागे राहायचा आणि तो पुढे, मग कोट हळूच येऊन त्याला गाठायचा. नौफलला ते इतकं आवडलं की तो शैमाला म्हणाला, "बघ, कापड कसं पडतंय! हा माणूस कपडा घालायला जन्मलाय." मी इस्त्रीच्या वाफेत तोंड लपवलं.

शूटिंग गावाबाहेरच्या एका पडक्या वाडीत होतं, तिथे खरीच विहीर होती. गोष्टीतले सगळे प्रसंग रात्रीचे, पण रात्री दिवे लावायला पैसे कुठून आणणार. म्हणून कॅमेऱ्यापुढे निळी काच लावायची आणि भर उन्हात रात्र काढायची. बघायला आलेली माणसं भिंतीवर बसून विचारायची, "रात्र केव्हा सुरू होणार?" आणि शैमा सांगायची, "सुरूच आहे, आवाज करू नका."

पहिल्या दिवशीचा प्रसंग सोपा होता. विहिरीतून काहीतरी वर येतंय असं वाटून इन्स्पेक्टर पिस्तूल काढतो आणि एक गोळी झाडतो. बास्सूने पिस्तूल काढलं, रोखलं, चाप ओढला, टिकली फुटली आणि तो मेला.

म्हणजे पडला. आवाजाबरोबर खाली, छाती बंद, डोळे मिटलेले. भिंतीवर बसलेल्यांपैकी दोन म्हातारेही अंगणात लवंडले, तेही जुने मरणारेच. क्षणभर कुणाला काही कळेना.

"बास्सूकाका," नौफल हळूच म्हणाला, "काका, गोळी तुम्हीच झाडलीत."

बास्सूने एक डोळा उघडला. "हो का?"

"हो. पिस्तूल तुमच्या हातात आहे."

त्याने हाताकडे पाहिलं. "खरंच की."

लोक पोट धरून हसले. बास्सूही हसला, कोट झटकून उभा राहिला. पुन्हा टिकली फुटली आणि पुन्हा त्याचे गुडघे गेले. तिसऱ्या वेळी उभा राहिला, पण डोळे घट्ट मिटून. दुपारपर्यंत ते एकदाचं जमलं, पाय दोन दगडांमध्ये अडकवून.

तोंडाचं मात्र जमेना. कॅमेरा डावीकडे ठेवला की तो उजवीकडे बघायचा, उजवीकडे नेला की डावीकडे. समोर ठेवला तर त्याला विहिरीत काहीतरी दिसायचं. गावातल्या म्हातारीची चौकशी करण्याच्या प्रसंगात तर तो हळूहळू सरकत म्हातारीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि तिच्या खांद्याआडून प्रश्न विचारू लागला. "अहो, मुद्दाम करताय का?" कॅमेरावाला ओरडला. बास्सूचा चेहरा रडवेला झाला. तो मुद्दाम करत नव्हता. मी कोटाचं बटण लावायच्या निमित्ताने जवळ गेलो तर तो पुटपुटला, "मान ऐकत नाही रे."

दोन दिवस असे गेल्यावर शैमा मला म्हणाली, "काका, तुमचे मित्र भले गृहस्थ आहेत. पण माझा एक चुलतभाऊ नट आहे, फोन केला की बसने येईल. शुक्रवारपर्यंत बघू. नंतर इलाज नाही." बास्सू पाठमोरा उभा होता. त्याने ऐकलं. मानेवरून कळलं मला.

त्या संध्याकाळी आम्ही माझ्या दुकानात सराव केला. मी दोऱ्याची एक रिकामी रीळ डोळ्याला लावून बसलो. "ही काच समज. बघ."

त्याने शिवणयंत्राकडे पाहिलं.

"इकडे, बास्सू."

त्याने माझ्या कानाकडे पाहिलं. कपाळावर घाम आला त्याच्या. "मिमून, डोळा तिकडे गेला की कान गरम होतो. खरंच सांगतो. आता कोणीतरी येऊन धरेल असं वाटतं."

"इतक्या वर्षांनी?"

"त्याला वर्षं कळत नाहीत."

मी रीळ खाली ठेवली. आम्ही चहा केला.

दुसऱ्या दिवशी नौफल आणि शैमा माझ्याकडे आले, कारण त्यांच्या खोलीत वीज नव्हती आणि माझ्याकडे होती. कापायच्या टेबलावर संगणक ठेवून त्यांनी झालेलं काम लावलं. मी कोपऱ्यातून बघत होतो. विहिरीतल्या त्याचं काम शैमाच्या भावाला दिलं होतं. पांढरी चादर, तोंडाला पीठ. ते बघून मला कणीक मळावीशी वाटली. नौफल कपाळाला हात लावून बसला. मग बास्सूचे प्रसंग आले. निळ्या उजेडात तो जड कोट, आणि कॅमेरा जरा जवळ गेला की हा माणूस पाण्यासारखा बाजूला सरकतो. वळतो, खांदा वर करतो, मान आत घेतो. पुन्हा कॅमेरा त्याला गाठतो, पुन्हा तो निसटतो.

नौफल ताठ बसला. "शैमा, हा कशाला घाबरतोय?"

"कॅमेऱ्याला. दुसरं काय."

"नाही. बघणाऱ्याला काय वाटेल? हा कशाला घाबरतोय?"

शैमाने तोच प्रसंग पुन्हा लावला. मग म्हणाली, "त्याला. म्हणजे... कॅमेरा जिथे आहे तिथे तो आहे."

"चादर फेकून दे," नौफल म्हणाला.

आणि तसंच झालं. विहिरीतला तो दाखवायचाच नाही. कॅमेरा म्हणजेच तो. तो इन्स्पेक्टरच्या मागे मागे फिरतो, आणि इन्स्पेक्टर त्याच्याकडे बघत नाही, कारण बघितलं तर मानावं लागेल. शैमाने चुलतभावाला फोन केला नाही. मी धावत भिंतीपलीकडे गेलो आणि बास्सूला सांगितलं, काम राहिलं तुझं, तू जसा आहेस तसाच हवा आहेस.

तो सायकलची साखळी पुसत होता. पुसतच राहिला.

"म्हणजे पुन्हा पाठच," तो म्हणाला.

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

तो उठला, हात पुसले आणि माझ्या दुकानात जाऊन नौफलसमोर उभा राहिला. म्हणजे, समोरच्या कापडाच्या गठ्ठ्याकडे बघत. "पोरा, पाठच हवी असेल तर चौकात सकाळी पुष्कळ पाठी मिळतात. कोट त्यांनाही होईल. मला सोड."

"काका, अहो, सगळा सिनेमा तुमच्यावर उभा आहे!"

"माझ्या पाठीवर. ती माझ्या बायकोने पाहिली आहे."

शैमाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. नौफलने मफलर सोडला, पुन्हा बांधला. "बरं, असं करू," तो म्हणाला. "शेवटच्या प्रसंगात इन्स्पेक्टर वळतो आणि त्याच्याकडे बघतो. एकदाच, सरळ. तुम्ही बघितलंत तर सिनेमा तुमच्या तोंडावर संपेल. नाही जमलं तर पाठीवर संपेल, मग मला दोष देऊ नका."

"केव्हा आहे शेवटचा प्रसंग?"

"शुक्रवारी, नमाजानंतर."

शुक्रवारी इत्तो वाफवलेल्या जाड रव्याच्या कुसकुसचं मोठं ताट घेऊन वाडीत आली. इतके दिवस ती फिरकली नव्हती. सगळ्यांनी गोल बसून एकाच ताटातून खाल्लं, ती मात्र उभी राहून विहीर बघत होती. "हीच का?" तिने विचारलं आणि दोन पावलं मागे सरकली. बास्सू जेवला नाही. इत्तो त्याला म्हणाली, "काय रे, आज मरायचं नाहीये ना? मग खा."

"तू थांबणार आहेस?"

"भांडी घेऊन जायचीत मला. थांबते."

प्रसंग सुरू झाला. बास्सूने विहिरीत वाकून बघायचं, मागून कॅमेरा हळूहळू जवळ येणार, आणि तो वळून बघणार. पहिल्यांदा तो वळला आणि थेट आभाळाकडे बघितलं. दुसऱ्यांदा भिंतीवरच्या म्हाताऱ्यांकडे. मग वळलाच नाही. निळ्या काचेमागचं ऊन उतरायला लागलं. रात्रीसाठीही ऊन लागतंच. भिंतीवरून कोणीतरी म्हणालं, "कान धरा त्याचा!" आणि हशा पिकला. मला त्या माणसाचं नाव माहीत आहे, पण लिहीत नाही.

बास्सू विहिरीपासून उठला आणि कॅमेरावाल्याकडे गेला.

"हे जरा बघू का?"

"काय?"

"हे यंत्र."

कॅमेरावाल्याने नौफलकडे पाहिलं. नौफलने मान हलवली. बास्सूने कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारली, जशी तो कुठल्याही सायकलभोवती मारतो. आधी त्याच्या तिपाईचे पाय दाबून बघितले. मग एक खिट्टी हलवून म्हणाला, "ही ढिली आहे." कॅमेरावाला म्हणाला, "आहे खरी." मग त्याने बाजूने विचारलं, "हे गोल काय फिरतं? आणि हे?" कॅमेरावाला सांगत गेला. वैतागलेला माणूस, पण आपल्या यंत्राबद्दल कोणी विचारलं की कोण गप्प बसतो. त्याने निळी काच काढून हातात दिली. "भिंग हे. बोट लावू नका."

बास्सू वाकला. अगदी जवळ गेला. आणि पहिल्यांदाच, पुढून, आत पाहिलं.

कितीतरी वेळ तसाच होता. भिंतीवरचे लोकही माना पुढे काढून बघायला लागले.

"आत एक माणूस आहे," तो म्हणाला. "लहानसा. कोट घातलेला."

"तुम्हीच आहात, काका."

"हो. मीच आहे." मग जरा थांबून, "कान ठीक आहे त्याचा." हे फक्त मला कळलं असावं.

निळी काच पुन्हा लागली आणि तो परत जाऊन विहिरीपाशी वाकला. नौफलने घाईघाईने हात वर केला. तिपाईवरून उतरवलेला कॅमेरा निघाला, जमिनीलगत, दगडांवरून, कोटाच्या मागे, खांद्यापर्यंत. बास्सू वळला आणि त्याने पाहिलं.

मी कॅमेऱ्याच्या बाजूला होतो, म्हणून मला ते तोंड दिसलं. नौफलला भीती हवी होती. ती नव्हती. एखादं पोर पडून, सायकल वाकडी करून, गपचूप दारात आणून उभं राहावं आणि बास्सूने त्या सायकलकडे बघावं, तसं होतं ते. कुठे पडलास? खरं सांग. फक्त इतक्या वर्षांत मी त्याला सायकलकडे तसं बघताना पाहिलं होतं, माणसाकडे कधी नाही.

नौफल थांबा म्हणायचं विसरला. शेवटी शैमाच म्हणाली.

"घाबरला नाही हा," कॅमेरावाला कुरकुरला. "चौकशी करतोय."

"पोलीस आहे ना तो," शैमा म्हणाली. "दुसरं काय करणार?"

नौफल पुढे झाला. बास्सूपाशी गेला आणि त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं, जसं आम्ही वडीलधाऱ्यांचं घेतो. इत्तोला यातलं काही दिसलं नव्हतं. ती पडवीत ताट घासत होती.

सिनेमा तयार व्हायला वर्ष लागलं. मोठ्या पडद्यावर तो कुठे लागला की नाही मला ठाऊक नाही. पण नौफलने जाताना दिलेला शब्द पाळला आणि सिनेमा घेऊन आमच्या गावात आला. युवक केंद्राच्या खोलीत, खिडक्यांना घोंगड्या बांधून, दुपारी, भिंतीवर पांढरं कापड लावलं. ते कापड मीच शिवलं होतं, मध्ये एक शिवण राहिली होती, आणि सिनेमाभर माझं लक्ष तिच्यावरच होतं. खोली गच्च भरली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. इत्तो पहिल्या रांगेत, बास्सू पार दारापाशी उभा, केव्हाही बाहेर पडता येईल असा.

सिनेमा सुरू झाला आणि पाठ दिसली. मग कोट दिसला. मग खांदा. बायकांमधून इत्तोचा आवाज आला, "घोडा तरी ठेवायचा होता!" सगळी खोली हसली. मी वळून बास्सूकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. पण हळूहळू हसणं कमी होत गेलं. ते सारखं मागे मागे जाणारं काहीतरी, आणि त्याच्याकडे न बघणारा तो माणूस. एक बाई मोठ्याने बिस्मिल्ला म्हणाली. कुणीतरी मीठ आहे का विचारलं, आणि चार जणांच्या खिशात निघालं.

मग विहीर आली. तो वाकला. तो वळला.

एवढं मोठं तोंड आमच्यापैकी कुणाचंच आम्ही कधी पाहिलं नव्हतं. माझी शिवण त्याच्या कपाळातून गेली होती, पण मला वाटतं कुणाच्या लक्षात आलं नाही. खोलीत कोणी खोकलंही नाही. तो बघत होता, आणि खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं तो आपल्याकडे बघतोय. मलाही वाटलं. मी कुठे काय चुकलो याचा विचार करायला लागलो. मग अंधार झाला आणि लोक टाळ्या वाजवू लागले. दारापाशी उभ्या असलेल्या बास्सूला लोकांनी घेरलं, कुणी पाठ थोपटली. आता पाठ कशाला, असं त्यावर कुणीतरी म्हणालंही.

बाहेर अजून ऊन होतं. इत्तो कुणाशी न बोलता निघाली होती. ती नेहमी पुढे चालते, बास्सू मागे. मी त्यांच्याही मागे होतो, घर त्याच वाटेवर आहे म्हणून. बेकरीपाशी आल्यावर बास्सूने विचारलं,

"दिसलो का?"

"दिसलास."

"मग?"

"भुवया पांढऱ्या झाल्यात तुझ्या."

"त्या केव्हाच झाल्या."

"मला काय माहीत," ती म्हणाली. चालता चालता थांबली होती. "मला कोण दाखवतंय. माझ्याशी बोलायचं ते किटलीकडे बघून, भाकरीकडे बघून, दाराच्या कडीकडे बघून. त्या विहिरीतल्या मेल्याकडे मात्र सरळ बघता येतं. तो कोण लागतो तुझा?"

मला वाटलं आता तो बेकरीच्या फळीकडे बघेल, तिथे ताज्या भाकरी लावल्या होत्या. मान किंचित वळलीही. पण मग ती परत आली, आणि तो इत्तोकडे बघत उभा राहिला. भर रस्त्यात. बेकरीवाला हातात भाकरी धरून थांबला.

इत्तोने डोक्यावरचं कापड नीट केलं. मग पुन्हा नीट केलं.

"बस्स आता," ती म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत," बास्सू म्हणाला.

माझ्या बुटाची नाडी सुटलेली नव्हती, तरी मी ती बांधायला खाली वाकलो, आणि बराच वेळ बांधत राहिलो.